निरंजनची बटणं

आमच्या केळीच्या आडतीवर पंधरा वर्षं कंप्यूटरवाला मीच होतो. मग निरंजन आला. लिनक्सवरच्या मेलच्या ॲपात तो माउसला हातही लावत नसे. आडतीच्या मालकीण रंजितामॅडम म्हणाल्या, "देखो योगेंद्रभाऊ, याला म्हणतात स्पीड!"

मीही सेटिंगच्या फाइलीत बटणांचे शॉर्टकट माझ्या सोयीने बदलले आणि तीन दिवस पाठ केले. ते चालेचनात. निरंजन हसला. "भाऊ, हे ॲप आपल्याच डब्यात बंद राहते, बाहेरचं काही वाचत नाही. तुम्ही डब्याबाहेरची फाइल बदलताय. माझीच फाइल टाका ना आतमध्ये."

जळफळत टाकली. मग मॅडमना त्याची चुगली लिहिली, लाज वाटली आणि पुसायला एफ-आठ दाबलं. माझ्या पाठांतरात ते पुसायचं बटण होतं. निरंजनच्या फाइलीत पाठवायचं निघालं.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. "वाचलं. तुम्हीपण फास्ट झालात."