तिसऱ्या बरगडीवरचं वांगं

मी एक जुनी लोखंडी बाई आहे. मित्रांनो, माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं, हा या युगाचा सर्वांत भयंकर प्रश्न आहे आणि त्याचं साऱ्या खानदेशातलं एकमेव उत्तर म्हणजे मी. काळाच्या छाताडावर मी उभी आहे. म्हणजे, आडवी आहे. आणि या क्षणी माझ्या छाताडावर पाटीभर वांगी भाजली जात आहेत.

असो. सवय झाली आहे.

मला घडवलं चुडामणने. भुसावळला रेल्वेच्या डब्यांवर आकडे रंगवण्यात त्याची सारी नोकरी सरली. सुटीत अमळनेरजवळच्या गावी आला की तो चित्रं काढायचा : पोटातून पिस्टन निघालेली माणसं, आतडी असलेली इंजिनं. गाव त्याला 'भूतवाला' म्हणायचं. त्याची आई बेबाबाई गावभर भरतासाठी नावाजलेली. शेवटी ती दवाखान्यात नळ्या लावून पडली, तेव्हा चुडामण रोज तिच्या उशाशी बसायचा. आईला मशीन लावलंय की मशीनला आई लावलीय, हे त्याला कळेना. ती गेली आणि त्याने मला जोडायला घेतलं. दवाखान्यातून भंगारात निघालेली खाट, पाण्याच्या मोटारीच्या खोक्याचं डोकं, साखळीचा कणा, सळयांच्या बरगड्या आणि केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यांच्या शिरा. अशी मी झाले.

जळगावात माझं प्रदर्शन भरलं. तीन-चार मुलं रडली. एका डॉक्टरांनी मशीन कुठल्या कंपनीचं म्हणून विचारलं. एका जाणकाराने वर्तमानपत्रात लिहिलं, की माझ्या बरगड्यांमधल्या अंतरातून मानवी अस्तित्वाची पोकळी आपल्याकडे पाहते. मी काही बोलले नाही. लोखंडाने बोलू नये.

मग चुडामणही गेला. त्याची चित्रं पावसात कापसावर झाकायला निघाली. रंगीत बाजू खाली ठेवत, नाहीतर बैल बिथरायचे. चार पावसाळ्यांत साऱ्यांच्या चिंध्या झाल्या. उरले मी एकटी, मळ्यातल्या कडुनिंबाखाली. हिवाळा आला की माझ्याखाली कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वर वांगी मांडायची. त्याचा धाकटा भाऊ तोताराम मला 'जाळी' म्हणतो. तो वाईट माणूस नाही. त्याने मला दुसरं काही म्हटलेलं कधी ऐकलंच नाही, एवढंच.

यंदा चुडामणची लेक मोनाली पुण्याहून एका मॅडमना घेऊन येणार होती. ज्योत्स्ना मॅडम मोठ्या संग्रहालयाच्या. पसंत पडलं, तर बापाचं नाव कायमच्या दालनात लागणार होतं. त्या एका दिवसासाठी पोरीने किती उंबरे झिजवले होते! तिने काकाला फोनवर बजावलं, ''नाना, मळ्यातलं बाबांचं शिल्प तेवढं पुसून ठेवा.''

नानांनी मनापासून पुसलं. विहिरीवरच्या सिमेंटच्या सिंहाला. तो गवंड्याने केलेला होता. त्याला हार घातला, शाल पांघरली. मॅडम सिंहाभोवती फिरल्या आणि ''छान आहे,'' म्हणाल्या. दुसऱ्याचं बाळ पाहून म्हणतात तसं. मोनालीचा चेहरा उतरला.

''नाना, हे नाही हो! लोखंडाचं, बाईचं!''

''ते मंग देखूत, बेटा. पाव्हना घर उनात आनि भरीत नही, हाई कसं चाली?'' म्हणत नानांनी सगळ्यांना कडुनिंबाखाली आणलं. एक वांगं फटकन फुटलं, नानांनी ते उचललं, आणि खालची माझी बरगडी मोनालीला दिसली.

''हेच ते! नाना, हेच बाबांचं शिल्प आहे!''

''हाई?'' नानांच्या हातातलं वांगं तसंच. ''हाई तं भरीतनी जाळी शे!''

मॅडम वाकल्या. धुरात बराच वेळ पाहत राहिल्या. ''अजून वाचेल,'' त्या म्हणाल्या. ''काजळी काढू, शिरा नव्याने बसवू. मग काचेच्या पेटीत ठेवू.''

मित्रांनो, एवढी वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते. काच! धूर नाही, तेल नाही, कावळे नाहीत.

मोनाली आईवर उखडली. ''आई, तुला तर माहीत होतं ना? बाबांच्या कलेवर वांगी भाजतेस?''

कोकिळाबाई पदराने धूर वारत बसल्या होत्या. ''पह्यलं वांगं तुना बापनीच ठेवं व्हतं,'' त्या म्हणाल्या. ''हातमा वांगं धरीसन सळया बसाड्यात त्यानी. मायना तोंडमा नळी व्हती. हातनी खूण करीसन भरीत मांगे. कोनी दिधं नही. मंग हाई बनाडी. म्हने, आते तरी मायले वास जाऊ दे.''

अस्तित्वाची पोकळी वांग्याच्या मापाची होती, हे आता उघड्यावर आलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या पहिल्या आगीत माझ्या शिरा वितळल्या, तेव्हा चुडामणने मुकाट्याने नव्या लावल्या होत्या. त्याच्यामागे कोणी लावल्या नाहीत.

मोनालीने डोळे पुसले. धुराने असतील. ''मॅडम, काचेच्या आत आग पेटवता येईल?''

''नाही.''

मोनाली माझ्याकडे पाहत राहिली. बापाचं नाव एका बाजूला, आजीची भूक एका बाजूला. ''मग राहू द्या इथेच,'' ती म्हणाली.

मॅडमनी नुसता फोटो काढला, वांग्यांसकट. दालनात तोच लागेल म्हणाल्या, खाली चुडामणचं नाव. मग भाकरीवर भरीत घेतलं, आणि पुन्हा घेतलं. मोनालीने माझ्या खाटेच्या पट्टीवर बापाचं नाव रंगवलं, रेल्वेच्या डब्यांवरच्या आकड्यांच्या वळणाचं. पुढच्या भरीत-पार्टीत ते जळेल. ती पुन्हा रंगवीन म्हणते. बघू.

तेव्हा मित्रांनो, कलावंताचा वारसा जपा, असं सांगायचा मला अधिकार आहे. पण मी थकले आहे, आणि तुम्हीही जेवून सुस्तावला असाल. जाताना फक्त एवढं करा : तिसऱ्या बरगडीला वांग्याचं साल चिकटलंय, ते खरवडून टाका. मुंग्या येतात.