पलीकडचं बोट

"बोट काढ," मिस्त्री म्हणाला आणि वीट ठोकायला उचललेली थापी तशीच हातात राहिली.

"कुणाला म्हणताय?" मालकीणबाईंनी विचारलं. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. आपली पाठ वळली की गवंडी झोपा काढतो, असा त्यांचा ठाम समज होता.

"सवय हो," तो ओशाळला. "बायको असायची पलीकडं."

दोन खोल्यांमधलं दार काढून ती जागा विटांनी बुजवायची होती. पलीकडची खोली रिकामी, बाहेरून कुलूपबंद. उद्या तिथं भाडेकरू येणार होते. मिस्त्रीचा जन्म असल्याच कामात गेला. तो अलीकडून वीट लावायचा आणि बायको पलीकडून सांध्यातून बाहेर आलेला सिमेंटचा माल बोटानं दाबून सारखा करायची. लग्नानंतर पहिल्याच भिंतीत तिचं बोट चेंगरलं. तेव्हापासून ठरून गेलं: त्यानं "बोट काढ" म्हणायचं, तिनं "काढलं" म्हणायचं, मगच ठोकायचं. घरी कितीही अबोला असो, भिंतीपाशी एवढं बोलणं व्हायचंच. मागच्या हिवाळ्यात ती तापानं गेली, आणि या माणसाचं बोलणंच आटलं.

भिंत छातीएवढी होईपर्यंत त्यानं दोनदा पलीकडं डोकावून पाहिलं. फरशीवर पडलेला माल, बाकी काही नाही. भिंत डोळ्यांच्या वर गेली. त्यानं वीट ठेवली, आणि जीभ पुन्हा घसरली.

"बोट काढ."

"काढलं."

मालकीणबाईंचा हलणारा पाय थांबला. मिस्त्रीनं वीट ठोकली, आणि मग त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. स्टुलावर चढल्यावर त्यानं पलीकडं पाहायचं मुद्दाम टाळलं. पाहिलं आणि कुणीच नसलं तर? प्रत्येक विटेला तो विचारत गेला, प्रत्येक विटेला उत्तर येत गेलं. बाईंनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

शेवटच्या विटेची जागा उरली. त्यानं त्यातून हात घालून पलीकडचा सांधा चाचपला. ओला, गुळगुळीत, तिच्याच हातचा.

"बोट काढ."

उत्तर आलं नाही.

"काढ गं."

हिला इथंच कोंडून जायचं, परक्यांच्या संसारात, या विचारानं त्यानं थापी खाली ठेवली.

"आटपा की हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"बाई, जरा बाजूला व्हा. वाट द्या." मग त्यानं भोकाशी तोंड नेलं. "ये इकडं. इथं कुणाच्या घरात राहतेस?"

तो स्टुलावरून उतरून भिंतीपासून दूर उभा राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग खोलीत ओल्या सिमेंटचा वास एकदम दाट झाला. त्यानं वर चढून शेवटची वीट बसवली आणि काहीही न विचारता ठोकली.

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. मालकीणबाई बाहेरच्या दाराशी कधीच जाऊन उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"चला ना, मिस्त्री. दार लावायचंय मला."

"थांबा बाई, हात धुऊन होऊ दे तिचे. सिमेंट राहिलं की बोटं फुटतात."

मोरीत नळ वाहत होता. तो बंद होईपर्यंत बाई कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.