टोकनबाईची पिशवी

"बाई, पिशवी आत जाणार नाही म्हणजे नाही," मॅनेजर म्हणाले.

"पिशवी कुठं चाललीय, साहेब? आजी चालल्यात. पिशवी नुसती त्यांच्या सोबतीला आहे," आई म्हणाली.

आई घरी विसरलेला चष्मा द्यायला मी आले होते आणि दुकानाच्या दारातच अडकले होते. माझ्यापुढे मांजरवाल्या आजी उभ्या होत्या. त्यांच्या घरी मांजरं किती, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. त्यांच्या हातातली चौकड्यांची कापडी पिशवी आईने आतली बाजू बाहेर काढून उलटवली होती. शिवणी, लोंबते दोरे, तळाला चिकटलेले मांजरांचे केस, सगळं जगासमोर.

"हे काय नवीन काढलंत?" मॅनेजरनी विचारलं.

"उलटवली की रिकामी दिसते. रिकामी दिसली की संपलं. टोकन हवंय कशाला मग?"

"आणि येताना त्यात काही घालून आणलं तर?"

"उलट्या पिशवीत माल घालून मिरवणारा चोर मला एकदा बघायचाच आहे, साहेब," आजी म्हणाल्या आणि मॅनेजरच्या कोपराखालून आत गेल्यासुद्धा.

आई त्या दुकानाच्या दाराशी बसायची. किराण्यापासून बादल्यांपर्यंत सगळं मिळणारं मोठं दुकान. आत शिरणाऱ्याने आपली पिशवी आईकडे द्यायची, तिने ती मागच्या खणात ठेवायची आणि हातात टोकन द्यायचं. बाबा गेल्यावर तिने ही नोकरी धरली. माझं शिक्षण त्याच काउंटरवर बसून झालं म्हणायला हरकत नाही. बसली ती, शिकले मी. लोक तिला टोकनबाई म्हणत. ती मात्र लोकांना पिशव्यांवरून ओळखायची. नवऱ्याची पिशवी बायकोच्या हातात दिसली की विचारायची, "बरं नाही का त्यांना?"

काउंटरच्या खाली तिची सुईदोऱ्याची डबी असे. एखाद्या पिशवीचा बंद धाग्यावर आलेला दिसला की मालक बाहेर यायच्या आत तो शिवून होई. दुहेरी टाका, वर फुली. तिला कुणी सांगितलेलं नसे आणि तीही कुणाला सांगत नसे. कित्येकांना वाटायचं, आपली पिशवीच मुळात टिकाऊ.

तिला खुपायचं ते वेगळंच. धडधाकट पिशव्या दिवसभर तिच्या खणांत रिकाम्या पडून असत आणि त्यांचे मालक आतून प्लास्टिकच्या पिशव्या भरून आणत. मग काउंटरशी उभं राहून ते प्लास्टिक कापडी पिशवीत कोंबत. "माणसाने छत्री बगलेत धरून भिजत जावं, तसं चाललंय," ती म्हणायची.

पुढे वरून हुकूम आला आणि दुकानातलं प्लास्टिक बंद झालं. त्या संध्याकाळी आई गाणं गुणगुणत घरी आली. दुसऱ्या दिवशी तिचं गाणं बंद. बिलाच्या टेबलाशी जाड छापील पिशव्यांची थप्पी येऊन बसली होती. त्यावर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात 'पुन्हा पुन्हा वापरा'. पण वापरणार कशी? घरून आणली की ती आईच्या खणात जायची. नियम होता तसाच होता. मग आत नवीन घ्या. आमच्या शेजारणीने दाराआड त्या पिशव्या इतक्या साठवल्या की दार पुरतं उघडेना.

"पुन्हा पुन्हा वापरा म्हणतात आणि पुन्हा पुन्हा विकतात," आई म्हणाली. तिने आधी रीतसर जाऊन विचारलं. मॅनेजर म्हणाले, नियम वरचा आहे.

"वर बसतात त्यांना बाजार करावा लागत नाही का?"

"बाई, तुम्ही टोकन द्या."

तिने टोकन देणं सोडलं नाही. फक्त रिकाम्या पिशव्यांना ती टोकन देईना. पिशवी उलटवायची, झटकायची, परत मालकाच्या हातात द्यायची. "आत जाताना उलटी, बाहेर येताना सुलटी," एवढंच सांगायची. बिलाच्या टेबलाशी लोक पिशवी सुलटी करून भरून घेत. लाजरे लोक आधी बिचकले. कुणाच्या पिशवीत आतून जुन्या पायजम्याचं अस्तर होतं, कुणाच्या तळाला कांद्याची सालं. पण काही दिवसांत ज्याचं त्याला काही वाटेनासं झालं. छापील पिशव्यांच्या थप्पीवर धूळ बसू लागली.

आणि मग माल मोजताना तूट आली. दाढीची पाती, अत्तराच्या बाटल्या, असलं काहीतरी. कोणी नेलं ते कधीच कळलं नाही. दुकान उघडायच्या आधी मॅनेजरनी सगळ्यांना बिलाच्या टेबलाशी उभं केलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतंच.

"बाई, सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, चुकलं. मी वर कळवतो. विषय संपला."

"काय चुकलं?"

"नियम मोडलात."

"मोडला. रोज दारात बसून, तुमच्या डोळ्यांदेखत मोडला. पण चुकलं नाही."

"पाती काय उडून गेली?"

"ते तुम्ही शोधा. मी सोडलेल्या पिशव्या रिकाम्या होत्या."

तिला काउंटरवरून उठवलं आणि मागच्या गोदामात खोकी फोडायला उभं केलं. चुकलं म्हणाल त्या दिवशी परत या, मॅनेजर म्हणाले.

त्या रात्री मी तिच्या पायांना तेल चोळत होते. तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"म्हणून टाकायचं होतंस, आई. एकच तर शब्द."

"एकच असतो गं. पण तो मग आपल्याबरोबर घरी येतो. जेवायला बसतो."

मी दुसरी पोटरी हातात घेतली. पुस्तकांतल्या ताठ कण्याच्या माणसांवर मी आयुष्यभर जीव टाकला होता. त्यांच्या पोटऱ्या रात्री कोण चोळतं, ते कुठे वाचल्याचं आठवेना.

दाराशी नवा रखवालदार आला. त्याला सक्त ताकीद होती. पहिल्याच सकाळी मांजरवाल्या आजी आल्या, पिशवी रस्त्यातच उलटवून.

"आजी, पिशवी इथं ठेवा."

"हिच्यात काय आहे ते आधी सांग."

"काही नाही."

"मग तुझ्याकडे ठेवू काय?"

रखवालदार विचारात पडला. तेवढ्यात आजींच्या मागची बाई पुढे आली, तिचीही पिशवी उलटी. तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ; त्यांनी तर उलटी पिशवी टोपीसारखी डोक्यावर घातली होती आणि नजर सरळ समोर ठेवली होती. आत बिलावर बसणारी मुलगी हसू दाबता दाबता मोठ्याने हसली. गलका गोदामापर्यंत गेला. आई हातात खोकं कापायची सुरी तशीच घेऊन दारापर्यंत आली.

"मग?" मी रात्री विचारलं.

"मग काय. बघितलं आणि गेले आत. खोकी पडली होती ना."

पण तिने ताटातली भाकरी तशीच ठेवून मला त्या गृहस्थांच्या डोक्यावरची पिशवी पुन्हा एकदा करून दाखवली.

महिनाअखेरीला दाराशी पाटी लागली. रिकाम्या पिशव्या उलटवून आत नेता येतील. खाली मॅनेजरची सही. आईचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं. मॅनेजर गोदामात येऊन म्हणाले, "झालं ना तुमच्या मनासारखं? आता या काउंटरवर. तेवढं एकदा म्हणा."

"पाटी लावलीत आणि चुकलं मी म्हणू?"

ती खोकीच फोडत राहिली. नोकरमाणसांनी मागच्या दाराने यायचं अशी पद्धत होती. ती मात्र त्या दिवसापासून रोज पुढच्या दाराने आत जाई, आपली निळी पिशवी उलटवून, रखवालदारासमोर झटकून. निळी म्हणजे आमच्या जुन्या खिडकीच्या पडद्याची. तिला कुणी अडवलं नाही.

पुढे तिला धाप लागू लागली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. दारात तिथला रखवालदार बसलेला पाहताच ती माझा हात सोडून थांबली. पिशवीतला कंगवा, रुमाल, डबी, सगळं तिने माझ्या ओंजळीत ओतलं, पिशवी उलटवली आणि त्याच्यासमोर झटकली.

"अहो आई, हा दवाखाना आहे," तो हसला.

"मला दिसतंय ते. सवय आहे."

आत खाटेच्या कडीला तिने ती पिशवी तशीच अडकवली. उलटी. मी सुलटी करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. अजून आतच आहे ना मी."

चार-सहा दिवसांनी मॅनेजर भेटायला आले. हातात दुकानाची छापील पिशवी, तीत फळं. खुर्चीच्या काठावर बसले.

"काउंटर तुमचाच आहे, बाई. नवा पोरगा सारखा टोकनं हरवतो. बऱ्या व्हा आणि या. फक्त त्या दिवशीचं तेवढं... मलाही वर तोंड दाखवायचं असतं."

आईला बोलायला दम पुरत नव्हता. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"फळं काढून घे," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "आणि साहेबांची पिशवी साहेबांना परत दे."

मी तेच केलं. रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी घडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग ती बगलेत धरून उठले आणि गेले.

"फळं गोड आहेत का बघ," आई म्हणाली.

ती गेली त्या सकाळी सिस्टरने तिचं सामान माझ्या हातात दिलं. चष्मा, कंगवा, रुमाल, सुईदोऱ्याची डबी. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून.

"ही नको," मी म्हणाले.

"सगळ्यांना अशातच देतो, ताई."

"हो. पण तिची पिशवी आहे."

ती अजून खाटेच्या कडीलाच होती. मी निळी पिशवी खाली उतरवली. आत हात घालून तळाचे दोन्ही कोपरे धरले आणि पिशवी सुलटी केली. मग प्लास्टिकची गाठ नखाने सोडवत बसले. घट्ट होती. ओढून फाडता आली असती. सिस्टरला दुसरीकडे जायचं होतं, तरी ती थांबली. गाठ सुटल्यावर मी एकेक वस्तू काढून आईच्या पिशवीत ठेवली, डबी सगळ्यात खाली, आणि प्लास्टिकची पिशवी घडी करून परत दिली.

"मी टाकूनच देणार हो ती," सिस्टर हळू आवाजात म्हणाली.

"तुमची आहे," मी म्हणाले.

दाराशी तोच रखवालदार होता. बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्याही तो बघत असे. मी पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने आत पाहिलं नाही. बाहेरच्या निळ्या कापडाकडे पाहिलं. मग उठून त्याने दार उघडून धरलं, आणि मी बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.

बंद मी खांद्यावर घेतला. दुहेरी टाका, वर फुली.