काळ्या काचेतले टाके

दुकानात मी तिसरी स्क्रीन बंद केली तेव्हा विक्रेत्याचा धीर सुटला.

"मॅडम, स्क्रीन चालू करून बघतात. बंद करून काय बघताय?"

"चालू असल्यावर सगळ्याच छान दिसतात," मी म्हटलं. "बंद असताना कशी दिसते ते बघतेय."

त्यानं मान वळवली आणि थेट साहेबांशी बोलायला लागला. सगळीकडे हेच. त्या काचेवर चित्र मी काढणार, ती पिशवीत घालून मी वाहणार, पण माहिती द्यायची ती शेजारच्या पुरुषाला. साहेब म्हणजे आमच्या ऑफिसातले खरेदी अधिकारी. स्टेपलरच्या पिना आणायच्या तरी तीन दुकानांची कोटेशनं मागतात, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना तीन-कोटेशन म्हणतात. मी तोंडावरही म्हटलं असतं, पण नोकरी टिकवायची आहे.

मी पोलिसांसाठी चेहरे काढते. ज्यानं बघितलंय तो सांगतो, मी काढते. बावीस वर्षं हे कागदावर केलं. काढायचं, वही फिरवून दाखवायची, "छे, नाक असं नव्हतं" ऐकायचं, खोडायचं, पुन्हा फिरवायची. म्हणून मला पेननं थेट काचेवर काढता येईल अशी स्क्रीन हवी होती. साक्षीदारानं शेजारी बसून रेघ उमटताना बघायची आणि तिथल्या तिथे सांगायचं. आणि साक्षीदार काही माझ्या टेबलापाशी येत नाहीत. कोणी दवाखान्यात पडलेलं असतं, कोणी घराबाहेर पडायलाच घाबरतं. तेव्हा स्क्रीन तेरा इंची हवी, वजन किलोच्या आत हवं, लॅपटॉपला एका वायरवर लागायला हवी, आणि काच मॅट हवी. सगळं लिहून दिलं होतं. मॅट या शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती, कारण ट्यूबलाइटखाली चकचकीत काचेवर आपलंच थोबाड दिसतं, रेघ दिसत नाही, आणि तासाभरात डोकं उठतं.

"ही सोळा इंची घ्या सर," विक्रेता सांगत होता. "ग्लॉसी आहे, रंग बघा कसे उठून दिसतात! आणि पेनला दाबाच्या सोळा हजार पातळ्या. जेवढा दाब तेवढी जाड रेघ."

"मॅडमनी आठ हजारच लिहिल्यात," साहेब खूश होऊन म्हणाले. "इथे दुप्पट मिळतायत की!"

"मला दोनच पुरतात," मी म्हटलं. "हलका हात आणि रागाचा हात. आणि रंग घेऊन काय करू? माझं सगळं काम काळ्या रेघेचं."

साहेबांनी मान डोलावली. ही त्यांची मान मी चांगली ओळखते. ऐकलं, पण घेतलं नाही, असा त्या मानेचा अर्थ असतो.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. आत सोळा इंची. ग्लॉसी. वायर म्हणावी तर तीन तोंडांची, आणि स्क्रीनला जिथे लागते तिथे अशी सैल की जोरात शिंकलं तरी सुटेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोकं उचललं आणि साहेबांच्या टेबलावर आदळलं.

"मॅट कुठाय?"

"तिन्ही कोटेशनांमध्ये हीच सरस ठरली, मॅडम."

"चित्र मी काढते, कोटेशनं नाही काढत!"

"काच ती काच," ते शांतपणे म्हणाले. "एवढं काय आहे त्यात?"

मी आणखी चार गोष्टी सुनावणार होते, पण तेवढ्यात तपास अधिकाऱ्याचा फोन आला. लगेच दवाखान्यात या. एका शिंपीणबाईंना मोटारीनं उडवलं होतं. दुकानातून घरी चालल्या होत्या, तोंडावर गाडीच्या काचेचा चुरा झाला. गाडीवाला खाली उतरला, त्यांच्यावर वाकला, नीट बघितलं, आणि परत गाडीत बसून निघून गेला. नंबर कोणी घेतला नाही. त्याला बघितलेलं माणूस एकच, या बाई, आणि त्यांचा जबडा बांधलेला असल्यानं इतके दिवस त्या बोलूच शकत नव्हत्या. आता एकविसाव्या दिवशी बोलायला लागल्या होत्या.

"आज चेहरा मिळाला तर मिळाला," अधिकारी म्हणाला. "आमच्याकडे दुसरं काहीही नाही."

मग काय करता? शिव्या घालत तीच सोळा इंची पिशवीत कोंबली आणि निघाले.

खोलीच्या दारातच बाईंच्या थोरल्या बहिणीनं अडवलं. "पर्समध्ये आरसा आहे का? असेल तर द्या इकडे. तिला अजून चेहरा दाखवलेला नाही. थोडं खरचटलंय एवढंच सांगितलंय."

खिडकीला पडदा ओढलेला होता. चमचा प्लास्टिकचा, वाटी प्लास्टिकची, फोनही काढून घेतलेला. मी पर्समधला छोटा आरसा तिच्या हातात ठेवला. "बरोबर केलंत," असंही वर म्हटलं.

बाई चाळिशीच्या. कपाळापासून डाव्या गालावरून ओठापर्यंत टाके, डावा डोळा अजून अर्धाच उघडत होता. समोर काहीही असलं तरी आपल्या तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हे मला कामामुळे जमतं. मी पलंगावरच्या आडव्या टेबलावर स्क्रीन तिरपी उभी केली, दोघींना दिसेल अशी, आणि विचारलं, "चेहऱ्यात आधी काय आठवतंय? डोळे? नाक?"

"डोळेबिळे नका विचारू, ताई. मी माणसाचा गळा आधी बघते. सवयच आहे." त्या दातांतल्या दातांत बोलत होत्या, पण शब्द स्वच्छ होते. "गळा सतरा इंच. खांदे उतरते, त्यातही उजवा पाऊण इंच जास्त खाली. शर्टाची कॉलर झिजलेली होती म्हणून उसवून उलटी लावून घेतलेली."

मला हसू फुटलं. बावीस वर्षांत असा साक्षीदार मिळाला नव्हता. लोक सांगतात काय, तर "साधारण उंच, साधारण गोरा." इथे मला मापं मिळत होती! गळा काढला, खांदे काढले, हनुवटीला लागले.

"अहं, हनुवटी इथे संपते," असं म्हणून त्या पुढे सरकल्या आणि काचेवर बोट ठेवायला गेल्या. त्यांचा हात वायरला लागला. स्क्रीन गेली.

ती काळी झाली, म्हणजे पार काळी. वर लख्ख ट्यूबलाइट. आणि त्या चकचकीत काळ्या काचेत, वीतभर अंतरावर, बाई.

मी वायर धरायला धडपडले, पण उपयोग काय? त्यांनी बघितलं होतं. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. थोरली बहीण माझ्यावर तुटून पडली, "एवढं बजावून सांगितलं होतं! तुम्हाला अक्कल आहे का?" माझ्या डोक्यात मात्र एकच: तीन-कोटेशन समोर असते तर ही काच त्यांच्या टाळक्यात घातली असती. काच ती काच म्हणे! आणि मी तरी मॅटसाठी कशापायी भांडले होते? माझं डोकं दुखू नये म्हणून. पुढ्यातल्या माणसाला त्यात काय दिसेल, हे मला सुचलंच नव्हतं. त्या रागातला निम्मा राग माझ्यावरच होता, हे आता कबूल करते. तेव्हा कबूल केलं नसतं.

मी वायर खुपसायला गेले, तर बाई म्हणाल्या, "चालू करू नका."

"अहो, पण—"

"काळीच राहू द्या. जरा वर धरा."

"अगं, ते उजेडानं तसं दिसतं," बहीण म्हणाली. "तेवढं काही नाही—"

"तू गप्प बस."

मी स्क्रीन वर धरली. त्या जवळ आल्या. बोट चेहऱ्याला न लावता, हवेतच, वरून खाली आणत त्या मोजायला लागल्या. मोठ्यानं मोजलं. कपाळावर नऊ. गालावर सतरा. ओठापाशी पाच. एकदा चुकल्यासारखं वाटलं म्हणून गाल पुन्हा पहिल्यापासून मोजला. माझे हात भरून आले होते, पण खाली घ्यायची छाती झाली नाही.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "गालावरचे बारीक आहेत, हात चांगला आहे. ओठापाशी घाई केलीय, तिथे ओढलं गेलंय." मग मान वळवून बहिणीला म्हणाल्या, "एकतीस टाक्यांना खरचटणं म्हणतात का गं?"

बहीण रडायला लागली.

"रडू नकोस! एकवीस दिवस! लहान पोर आहे का मी? गिऱ्हाइकाचं कापड फाटलं तर मी तोंडावर सांगते, फाटलंय म्हणून. आणि माझं तोंड फाटलं ते मला सोडून सगळ्यांना माहीत?" जबड्यामुळे त्यांना ओरडता येत नव्हतं. ते सगळं दातांतून, चिरडून बाहेर येत होतं, आणि ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. "रात्रंदिवस एकच विचार करत होते मी. एवढंसं खरचटलेल्या बाईला कोणी रस्त्यात टाकून का जाईल? मग वाटायचं, माझंच चुकलं असेल. मी हललेच नसेन. त्याला वाटलं असेल, ठीक आहे ही, उठेल आपली आपण. मी त्या मेल्याची बाजू घेत होते! इथे पडून, त्याची बाजू!"

बहीण पदरानं डोळे पुसत पलंगाच्या कडेला बसली.

"त्यानं हे बघितलं होतं," त्या काळ्या काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या. "असं वाकून, एवढ्या जवळून. आणि मग गेला. लावा ती वायर, ताई. आता डोळेही सांगते."

डाव्या अंगठ्यानं वायर दाबून धरली आणि उजव्या हातानं काढत राहिले. तासभर. भुवयांमधलं अंतर त्यांनी बोटाच्या पेरानं दिलं. खालचा ओठ वरच्याच्या दुप्पट, डावी पापणी सैल, नाकपुडीजवळ मसुराएवढा तीळ. माझा हात रागाचाच चालला होता, रेघा जाड आल्या. पुरा झाल्यावर त्यांनी एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. "हाच," म्हणाल्या. "आता बंद करा."

चौथ्या दिवशी तो सापडला. पुढची काच बदलून घ्यायला गेला होता, त्या गॅरेजवाल्यानं चित्र बघून ओळखला. कॉलरसकट.

बातमी ऑफिसात पोचली आणि साहेब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. "बघा! झालं ना काम? उगाच मॅट मॅट करून डोकं खात होता. ग्लॉसीवर किती स्पष्ट आलं!"

मी स्क्रीन बंद केली, उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "काय दिसतंय?"

"काही नाही. बंद आहे."

"नीट बघा."

"मीच दिसतोय. का?"

"तिलाही तीच दिसली. एकवीस दिवस घरच्यांनी चमचासुद्धा लपवून ठेवला होता तिच्यापासून. आणि मी ही तुमची सरस काच नेऊन तिच्या तोंडासमोर उभी केली. एकतीस टाके मोजले तिनं ह्याच्यात, साहेब. मोठ्यानं!"

सगळं ऑफिस बघत होतं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. पुन्हा त्या काचेत बघितलं नाही.

"मॅटवाल्याचं कोटेशन आणा," शेवटी म्हणाले. "एकच."

लढाई जिंकले होते मी! पंधरा दिवसांत तेरा इंची आली. हलकी, एका वायरची, काच अशी की बंद केली तर नुसती राखाडी पाटी. शिंपीणबाई तोवर घरी गेल्या होत्या. चित्रावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी मुद्दाम नवी स्क्रीन घेऊन गेले. दाखवायची होती ना! यापुढे माझ्यामुळे कोणावर तशी वेळ येणार नाही, हे त्यांनी बघावं असं वाटत होतं.

त्या मशीनवर बसल्या होत्या. टाके निघाले होते, जागा लाल होती. बाजूला गिऱ्हाइकांसाठीचा उंच आरसा. "बहिणीनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशी सरळ केला. आता ती माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही." त्यांनी सही केली आणि विचारलं, "तुमची ती काळी कुठाय?"

"बदलून घेतली," मी ऐटीत सांगितलं आणि नवी पुढे केली. "भांडून घेतली. बघा, हिच्यात काही म्हणजे काही दिसत नाही."

त्यांनी ती हातात घेतली, खिडकीकडे धरली, तिरपी केली. खरंच काही दिसलं नाही.

"कशाला बदललीत?" त्या म्हणाल्या. त्यांना राग आला होता, आणि या वेळी माझा. "तिथे मला खरं सांगणारी तेवढी एकच होती."

मी स्क्रीन पिशवीत घातली, सहीचा कागद ठेवायला पर्स उघडली, तर वरच माझा छोटा आरसा, दवाखान्यातून निघताना बहिणीनं परत केलेला. त्या दिवशी खोलीच्या दारात, कोणी न विचारता वर "बरोबर केलंत" म्हणत, मीच तो बहिणीच्या हातात दिला होता.