पप्पांचा टर्बो

"बोट घाला आत, ताई. घाबरू नका, इंजिन बंद हाय," वाल्मीकभाऊ म्हणाले.

मी बॉनेटखाली वाकले. रबरी पाइप काढला होता, आत वाटीच्या तोंडाएवढा टर्बोचा पंखा दिसत होता. बोटानं ढकलला तर आवाज न करता फिरत राहिला. एवढ्याशा वस्तूवरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चालला होता.

"हा फिरतो कशानं?"

"धुरानं. इंजिनातला गरम धूर बाहेर पडताना पलीकडची चक्री फिरवतो. दोन्ही एकाच दांड्यावर. मग ही इकडची हवा ओढून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"आणि दांडा कशावर टेकलेला असतो?"

"ऑइलवर. तरंगतो म्हणा ना! मिनिटाला लाखावर फेरे घेतो. ऑइल आटलं की कारभार आटोपला."

पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. २००२ साली त्यांनी तिथल्या एका साहेबांची जुनी परदेशी गाडी घेतली. आमच्या कॉलनीत तेव्हा टर्बो म्हटलं की डिझेलची जीप आठवायची. पेट्रोलची टर्बो गाडी, आणि ती बायकोला शाळेत सोडायला? प्रफुल्लमामा म्हणाला, "दाजी, गाडी नाय, विमान घेतलंत. आता दारात धावपट्टी करा." वाल्मीकभाऊंनी तर दोन वर्षांत टर्बो जाणार असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पप्पांनी ते मनावर घेतलं. गाडी थांबली तरी ते इंजिन लगेच बंद करत नसत. तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहावं म्हणून मिनिटभर ते चालू ठेवायचे, आणि तोवर कुणी उतरायचं नाही. आम्ही तिघं दारासमोर काचा लावून बसून राहायचो. शेजारच्या सुलाबाईंची समजूत अशी, की यादवभाऊंच्या घरची भांडणं गाडीतच मिटतात. दर दसऱ्याला पप्पा गाडीला हार घालून या गॅरेजवर आणायचे आणि रस्त्यावरूनच ओरडायचे, "वाल्मीक, किती वर्षं म्हणाला होतास रे?"

पप्पा जाऊन तीन महिने झाले होते. मामानं मालेगावचं गिऱ्हाईक आणलं होतं. गाडी फोडून सुटे भाग विकणारा माणूस. आईला गाडी हवी होती. ती शिकवते त्या गिरणाऱ्याच्या शाळेत पप्पा तिला रोज सोडायचे. आता तिला स्वतः चालवत जायचं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं शिकाऊ लायसन्स काढलं होतं. बरंच बोलणं झाल्यावर एवढं ठरलं, की टर्बो धड असेल तर गाडी ठेवायची, नसेल तर मालेगाव.

वाल्मीकभाऊंनी दांड्याचं टोक चिमटीत धरून हलवलं. "आडवा इवलासा हलतो, तेवढा लागतोच. मागंपुढं काहीच नाय." मग त्यांनी बॅटरी मारली, वाकून पाहिलं आणि आईकडे वळले.

"वहिनी, हा कंपनीचा नाय. बदललेला हाय."

मला वाटलं आई चकित होईल.

"हो," ती म्हणाली. "दोन हजार पाचला. पुण्याला जाऊन बसवून आणला."

"आणि मला सांगत होते, अजून पहिलाच! दर दसऱ्याला!" वाल्मीकभाऊ हसायला लागले. हसता हसता टायरवर बसले. "लय पाजी माणूस."

"पण गेला कशानं?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं. दिल्लीला माझी मुलाखत होती, रेल्वे मनमाडहून पकडायची होती. चांदवडच्या अलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर रस्ताभर अडकले होते. त्यातून सुटल्यावर पप्पांनी मोटार कधी नव्हे अशी पळवली, स्टेशनसमोर आणून जागच्या जागी बंद केली आणि माझी ट्रंक घेऊन धावले. महिन्याभरानं टर्बो शिट्टी मारायला लागला.

"एकदा बंद केल्यानं कुठं जातो?" वाल्मीकभाऊ म्हणाले. "ऑइलची नळी चोंदली असंल. त्या साहेबानं ऑइल वेळेवर बदललं नसंल. उघडून बघितल्याशिवाय कोण सांगणार?"

"त्यांना पटलं नसतं ते. घाईत मीच मारला, म्हणायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं."

मला त्या दिवसाची माझी धडधड आठवते, मागे पडत गेलेला प्लॅटफॉर्म आठवतो. त्यांनी इंजिन कधी बंद केलं ते आठवत नाही. शिट्टी पहिल्यांदा कुठे ऐकू आली, ते एकटेच होते का, ऐकून त्यांनी काय केलं, हे सगळं मला विचारायचं होतं. आईला एवढं बारीक माहीत नव्हतं.

मामा चहाचे ग्लास घेऊन आला. "काय म्हणतो दाजींचा टर्बो? मालेगावला फोन लावू?"

वाल्मीकभाऊंनी पाइप बसवून पट्टा आवळला. आई आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांच्या टोमण्यांचा हिशेब त्यांना एका वाक्यात चुकता करता आला असता.

"टाइट हाय," ते म्हणाले. "यादवभाऊ बोलले तसाच."

"म्हणजे चालेल अजून?"

"तुम्ही थकाल, प्रफुल्लराव."

मामानं फोन खिशात ठेवला. "घ्या मग. ताई, निदान हळू चालव."

"तू समोरून बाजूला हो आधी," आई म्हणाली.

ती चालकाच्या बाजूनं आत बसली. पदर खोचला, आरसा वाकवला. पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हते. सीटखाली चाचपून तिनं दांडी ओढली. सीट हलेना, कुणी कधी हलवलीच नव्हती. मी मागून जोर लावला तेव्हा ती करकरली आणि धक्क्यासरशी पुढे गेली.

खालचं मॅटिंग उघडं पडलं. बाकी सगळीकडे ते पार विटलं होतं. तेवढी पट्टी अजून निळी होती.