सतरा फूट की एकवीस

धाकट्याने टेप तिसऱ्यांदा लावली आणि तिसऱ्यांदाही एकवीस फूटच भरले. काल संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने सतरा फुटांवर खुंट्या ठोकल्या होत्या, दोरी ताणली होती आणि चुन्याच्या फक्कीची रेघही मारली होती. सोमवारी गवंडी पाया खणायला येणार होता. आणि आज कामावरून येऊन बघतो तर गॅरेज चार फुटांनी वाढलेलं.

वाढलं तेही कुठे, तर थोरल्या भावाच्या हद्दीत. मागच्या अंगणाच्या मधोमध विटांची एक ओळ होती. अलीकडचं धाकट्याचं, पलीकडचं थोरल्याचं. पुढच्या दोन्ही खुंट्या ती ओळ ओलांडून आरामात पलीकडे जाऊन बसल्या होत्या.

आपली जागा कोणी खाल्ली असती, तर धाकट्याने अंगण डोक्यावर घेतलं असतं. पण इथे कोणीतरी जागा देत होतं, आणि याची झोप उडवायला तेवढं पुरेसं होतं. फुकट मिळालेल्या गोष्टीकडे तो नेहमीच पत्ता चुकून आलेल्या पार्सलसारखा बघायचा. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने खुंट्या उपटल्या आणि पुन्हा सतरावर ठोकल्या.

फक्कीच्या त्या चौकोनात ताडपत्रीखाली वडिलांची मोटार उभी होती. उभी म्हणजे नुसती उभी, कारण तिच्या पोटात इंजिन नव्हतं. सात वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा घर, भांडी, कपाटं सगळं शहाण्यासारखं वाटलं गेलं आणि गाडीपाशी घोडं अडलं. दोघांनाही तीच हवी होती. वाटणीला बसलेले मामा शेवटी वैतागून म्हणाले, "मग असं करा, एकाने बॉडी घ्या, एकाने इंजिन." मामा चिडून बोलले होते. या दोघांनी एका दमात होकार दिला. धाकटा डेंटिंग-पेंटिंगवाला, त्याने बॉडी घेतली. थोरला आयुष्यभर इंजिनं उघडत आलेला, त्याने इंजिन नेलं. मामा जेवायलाही थांबले नाहीत. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप असलाच तर तो बायकांमार्फत जायचा.

थोरल्याने ते इंजिन केव्हाच भंगारात विकलं असणार, असं धाकट्याने धरूनच ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला कशाला हवं? आता गॅरेज बांधायचं, बॉडी नव्यासारखी करायची, दुसरं कुठलं तरी इंजिन मिळालं तर बसवायचं आणि थोरल्याच्या दारावरून एकदा गाडी न्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. गॅरेजचं माप त्याने पेंटरच्या हिशेबाने काढलं होतं. सोळा फूट रुंदी, म्हणजे दोन्ही दारं सताड उघडून फवाऱ्याची बंदूक घेतलेला हात मोकळा फिरेल. लांबीला मात्र सतरा. गाडीच्या नाकासमोर दीड फूट ठेवलं की झालं. समोर उभं राहून करायचंय काय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकवीस.

आता मात्र इथे पाणी मुरतंय याची त्याला खात्रीच पटली. जेवता जेवता त्याने बायकोला सगळा कट उलगडून सांगितला. थोरल्याचा बेत असा, की याला आपल्या जागेत भिंत घालू द्यायची, छप्पर पडू द्यायचं आणि मग नगरपालिकेत जाऊन ओरडायचं की भावाने अतिक्रमण केलं. नाहीतर म्हणायचं, चार फूट माझे आहेत, तेव्हा निम्मं गॅरेज माझं. केसाने गळा कापायची तयारी आहे ही. बायको भात कालवत म्हणाली, जाऊन विचारा की सरळ. हा म्हणाला, विचारलं की आपल्याला कळलंय हे त्याला कळेल. बायकोने त्याला आणखी आमटी वाढली, आणि तेही त्याला खटकलं.

तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सतरावर आणलेल्या खुंट्यांभोवती फक्की जरा सढळ हातानेच पसरली आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. बायकोच्या चपलेला फक्की होती. तो चप्पल हातात घेऊन तिच्यासमोर गेला. कपडे वाळत घालायला गेले होते, असं ती म्हणाली. कपड्यांची दोरी त्या बाजूला नाही, हे दोघांनाही माहीत होतं. वीस वर्षं एका ताटासमोर बसलेली बाई जावेला फितूर व्हावी, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पुढच्या दाराने गुपचूप घरात शिरला आणि मागच्या कोठीच्या खिडकीशी पोत्यावर बसून राहिला. तीनच्या सुमाराला थोरला आला. गुडघा धरून, हळूहळू, सिलिंडर वाहायची ढकलगाडी पुढे लोटत. तिच्यावर वाळूचं पोतं होतं.

आधी त्याने ताडपत्री वर केली, बॉनेटच्या काठावरून हात फिरवला आणि टेप लावली. खुंटीपासून नाही, गाडीच्या नाकापासून. मग ढकलगाडी अगदी गाडीला भिडवली. मान वर करून हवेतली साखळी ओढावी तसे हात खालीवर केले, पोतं दोन्ही हातांनी धरून जरा डोलवलं आणि सगळं लटांबर सावकाश मागे घेतलं. दीड फुटावर चाक दोरीत अडकलं. थोरल्याने मान हलवली, वाकताना कण्हला आणि खुंटी उपटली.

धाकट्याला दम धरवेना. तो बाहेर आला.

"खुंटी जागेवर ठेव," तो म्हणाला. सात वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"जागेवरच ठेवतोय." थोरल्याने वरही पाहिलं नाही. "समोर दीड फूट ठेवलंयस. इंजिन काय छपरातून सोडणार?"

"कुठलं इंजिन?"

"किती इंजिनं आहेत आपल्याकडे?"

"ते तू विकलंस."

थोरला सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं. पण तो नुसता चल म्हणाला आणि वळला.

इंजिन थोरल्याच्या झोपायच्या खोलीत होतं, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, लाकडी ओंडक्यांवर, जुन्या चादरीखाली. शेजारी तेलाची कुपी आणि एक पाना. वहिनी दारातून म्हणाली की गेली सात वर्षं हीच माझी सवत आहे, आणि चहा टाकायला निघून गेली. जाता जाता तिने सांगितलं, सतरा फुटांची गोष्ट तुमच्याच बायकोने येऊन सांगितली, ती तरी शहाणी आहे.

थोरल्याने पुढच्या नटाला पाना लावला. "फिरव."

धाकट्याला वाटलं, हलणार नाही. इतकी वर्षं पडून असलेलं इंजिन जाम होतं, हे पेंटरलाही कळतं. त्याने अंगातली सगळी ताकद लावली आणि तोल जाऊन पलंगावर आदळता आदळता वाचला. इंजिन लोण्यासारखं फिरलं होतं.

"दर महिन्याला तेल घालून फिरवतो," थोरला म्हणाला. "नाहीतर गाडीत काय बसवणार होतो?"

एवढं झाल्यावर तरी माणसाने गप्प बसावं. पण धाकट्याच्या मनातली पाल काही मेली नव्हती. हे तेच इंजिन कशावरून? तो गुडघ्यावर बसला आणि अंगठ्याने कडेचं तेल पुसून नंबर शोधू लागला. वडिलांनी दोघांकडून लहानपणी पाढ्यांसारखा घोकून घेतलेला नंबर. खोलीत अंधार होता. तो चाचपडत असताना त्याच्या खांद्यावरून बॅटरीचा उजेड आला. थोरल्याने बॅटरी धरली होती, आणि हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने तिला आधार दिला होता.

नंबर तोच होता. धाकट्याला मान वर करून बघवेना. त्याने तो नंबर पुन्हा एकदा वाचला, आता कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी गवंडी आला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, सतरा म्हणाला होतात, ही दोरी तर एकवीस दाखवतेय. धाकटा म्हणाला, एकवीसच. थोरल्याने लगेच सोळा फूट रुंदी म्हणजे उधळपट्टी आहे असं ऐकवलं, आणि धाकट्याने त्याला पेंटमधलं काही कळत नसल्याचं ऐकवलं. गवंड्याने दोघांचं होईपर्यंत तंबाखू मळून घेतली.

"आणि ही विटांची ओळ?" त्याने विचारलं. "पुढची भिंत पलीकडे जातेय. ही मधे येणार."

धाकट्याने तिरक्या नजरेने थोरल्याकडे पाहिलं, तो काय म्हणतो ते बघायला. थोरलाही त्याच्याकडे तसाच बघत होता.

मग धाकटा वाकला आणि त्याने पहिली वीट उचलली. सात वर्षांत ती मातीत चांगली रुतली होती, हलवून हलवून काढावी लागली.

"पायाभरणीत घाला ह्या," तो गवंड्याला म्हणाला. "दादा, तू वाकू नकोस. गुडघा सांभाळ."