पंचफुलाची फळी

हातोडीच्या दुसऱ्याच ठोक्याला लाकडी गुटका भिंतीत गेला आणि दिसेनासा झाला. मग आत, खाली कुठेतरी, टपकन पडल्याचा आवाज आला. मनोहरराव भोकाकडे पाहत राहिले. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गुटका गिळणारी भिंत पाहिली नव्हती.

"बाबा, ते जिप्सम बोर्ड आहे," सून मिनल दारातून म्हणाली. "आतून पोकळ राह्यते. सुतार बोलावू का?"

"सुतार काहून? मी काय मेलो का?"

घरात वर्षभर तो शब्द कोणी काढला नव्हता.

त्यांची बायको पंचफुला चाळिशीत प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवरून एक जाडजूड ग्रंथ विकत आणायची. असे अठरा ग्रंथ झाले. सावनेरला खाणीच्या क्वार्टरमध्ये ते ट्रंकेत असत आणि एक काढायचा तर सगळे उपसावे लागत. "एक फळी ठोकून द्या ना. माझा हात पोचला पाहिजे, स्टूल नाही लागलं पाहिजे," ती म्हणायची. मनोहरराव खाणीत फिटर, दिवसभर लोखंडाशी झटून यायचे. "उद्या," म्हणायचे. उद्या करता करता क्वार्टर सुटलं, आणि मग पंचफुलाही गेली. मुलगा सुशीलने आपल्या फ्लॅटचा हॉल मधोमध अडवून बापासाठी खोली केली. ट्रंक पलंगाखाली गेली ती तिथेच.

उद्या सकाळी तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. विहारातल्या बाया येणार होत्या. त्यांना ती पुस्तकं ट्रंकेत दिसायला नको, एवढंच मनोहररावांनी ठरवलं होतं.

बस पकडून ते सीताबर्डीला गेले आणि काल घेतलेली, स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लॅस्टिकची गिट्टी हार्डवेअरच्या दुकानाच्या काउंटरवर आपटली.

"भैय्याजी, नकली माल दिला तुम्ही. स्क्रू पिळला की गिट्टी गोल फिरते."

"काका, गिट्टी असली आहे. भिंत नकली आहे."

"भिंत कशी नकली राहीन?"

"भोक पाडलं तर पांढरं पीठ पडते का?"

"पडते."

"मंग बोर्ड आहे. ठेवणार काय फळीवर?"

"पुस्तकं."

"किती किलो?"

"पुस्तकं कोणी किलोनं मोजते का गा?"

"रद्दीवाला मोजते. आणि हे बोर्डही मोजते." भैय्याजीने एक स्क्रू दाखवला. त्याला मागे दोन पंख होते. "हे फुलपाखरू. भोकातून मिटून जाते, पलीकडं उघडते. फोटो, घड्याळ असन तर घ्या. पण पुस्तकाचं वजन रोजचं, बारा महिन्याचं. बोर्ड पापडावानी मोडन आन् फुलपाखरू घेऊन खाली येईन. बोर्डाच्या मागं पत्र्याचे उभे चॅनल राह्यते, दोन-दोन फुटावर. त्यातच पत्र्याचा स्क्रू मारा."

"चॅनल कुठं आहे ते कसं समजन?"

"ज्यानं भिंत बांधली त्याले विचारा."

पत्र्याचे स्क्रू घेऊन ते घरी आले. भिंत बांधणाऱ्याला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा नुसती घंटी वाजली. मग वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहिले, नंतर पुस्तकं छातीशी धरून तीन खेपा केल्या. चोवीस किलो. भैय्याजी खरं बोलत होता, याचाही त्यांना राग आला. पोकळ भिंतीचा आला, फोन न उचलणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'उद्या'चा. त्यांनी भिंतीवर मूठ आपटली.

ढब्ब.

जरा बाजूला पुन्हा आपटली. ढब्ब. आणखी बाजूला. टक.

मनोहरराव थांबले. हा फरक त्यांना चौतीस वर्षं माहीत होता. खाणीत उतरलं की पहिलं काम ते. काठीने छत ठोकायचं आणि ऐकायचं. ढबढब वाजलं तर छत सुटलेलं, बाजूला व्हायचं. घट्ट वाजलं तर काम सुरू. त्यांनी लाटणं मागितलं.

"लाटणं?" मिनल म्हणाली.

"आन् मिक्सर बंद कर."

लाटण्याच्या टोकाने ठोकत, कान लावत ते भिंतभर फिरले. घट्ट आवाजाच्या जागी पेन्सिलने रेघा ओढल्या. तीन चॅनल सापडले. एक दाराला चिकटून, बिनकामाचा. उरलेले दोन नेमके पलंगाच्या उशाशी. पलंग हलवायला खोलीत जागा नव्हती.

आता उंची. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पंचफुलाचं डोकं त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला लागायचं. त्या बटणापाशीच त्यांनी खूण केली.

"बाबा, इतकी खाली काहून? उठताना डोक्याले लागन."

त्यांनी फळीचे लोखंडी ब्रॅकेट खुणेवरच धरले. पत्र्यात शिरताना स्क्रू कर्रकन आवळला आणि जागचा हलला नाही. चारही स्क्रू तसेच बसले. फळी लावल्यावर दोन्ही हातांनी तिला लोंबकळून पाहिलं. भिंत करकरली नाही. फक्त आत पडलेला गुटका कुठेतरी खडखडला.

पाऊण तासाचं काम होतं. पाऊण तासाचं. ते पलंगावर बसले आणि कितीतरी वेळ ट्रंकेला हातच लावेनात. शेवटी मिनलनेच एकेक पुस्तक पुसून त्यांच्या हाती दिलं आणि त्यांनी ते रचलं.

सकाळी विहारातल्या बाया आल्याचा आवाज ऐकून ते घाईने उठले. फळी कपाळावर ठक्कन बसली.

"लागलं का, बाबा?" मिनल धावत आली.

"लागू दे," मनोहरराव कपाळ चोळत म्हणाले. "फळी हलवू नको."